हेडफोन ॲम्प्लिफायरची तुलना आणि काळानुरूप बदलणारा ध्वनी : एक चिकित्सक विवेचन

सारांश

हेडफोन ॲम्प्लिफायर काही शे तास चालवल्यानंतर त्याचा ध्वनी 'खुलतो' किंवा 'मुरतो', असा समज श्रोत्यांमध्ये व विक्रेत्यांमध्ये सर्वदूर आढळतो. प्रस्तुत लेखात या समजाची विद्युतशास्त्रीय व मानसशास्त्रीय अशा दोन्ही अंगांनी तपासणी केली आहे. ॲम्प्लिफायरमध्ये काळानुसार खरोखर कोणते बदल होतात, ते किती मोठे असतात व ऐकू येण्याजोगे केव्हा ठरतात, तसेच दोन उपकरणांची न्याय्य तुलना कशी करावी, याचे विवेचन येथे केले आहे. पहिल्या काही आठवड्यांत जाणवणारी 'सुधारणा' बहुतांशी श्रोत्यामध्ये व तुलनेच्या सदोष पद्धतीमध्ये घडते, उपकरणामध्ये फारशी घडत नाही, असे प्रतिपादन येथे केले आहे.

कळीचे शब्द : हेडफोन ॲम्प्लिफायर, निर्गम संरोध, धारित्र, ध्वनिपातळी, अंध चाचणी, श्रवणस्मृती.

१. प्रस्तावना

हेडफोनचा इतिहास शंभर वर्षांहून अधिक जुना आहे. १९१० साली अमेरिकेतील नॅथॅनियल बाल्डविन यांनी तयार केलेले हेडफोन तेथील नौदलाने स्वीकारले. तेव्हा त्यांचा उपयोग संदेश ऐकण्यापुरता होता. १९५८ साली जॉन कॉस यांनी स्टिरिओ हेडफोन बाजारात आणला आणि हेडफोन हे संगीतश्रवणाचे स्वतंत्र साधन बनले. पुढे हेडफोन जसजसे दर्जेदार होत गेले तसतशी त्यांना चालवणाऱ्या स्वतंत्र ॲम्प्लिफायरची गरज भासू लागली. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात चू मॉय यांनी नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालणाऱ्या खिशात मावणाऱ्या ॲम्प्लिफायरचा आराखडा प्रसिद्ध केला आणि जगभरातील हौशी मंडळींनी तो घरी बनवला. आज काही हजार रुपयांपासून काही लाख रुपयांपर्यंतचे हेडफोन ॲम्प्लिफायर उपलब्ध आहेत. किमतीतील एवढ्या तफावतीमुळे त्यांची तुलना करणे अपरिहार्य ठरते.

या विषयाकडे प्रस्तुत लेखकाचे लक्ष एका साध्या प्रसंगाने वेधले गेले. महाविद्यालयाच्या संगीत विभागाला श्रवणकक्षासाठी एक ॲम्प्लिफायर घ्यावयाचा होता आणि पदार्थविज्ञानाचा अध्यापक या नात्याने प्रस्तुत लेखकाचा सल्ला विचारण्यात आला. उपकरण आले तेव्हा त्याचा ध्वनी अपेक्षेइतका समाधानकारक वाटला नाही. विक्रेत्याकडे विचारणा केली असता, "दोनशे तास चालू द्या, मग आवाज खुलेल," असे उत्तर मिळाले. उपकरण परत करण्याची मुदत पंधरा दिवसांची होती. दररोज दोन तास याप्रमाणे दोनशे तास पूर्ण होण्यास शंभर दिवस लागतात, हे गणित ध्यानात येईपर्यंत मुदत उलटून गेली होती. तीन महिन्यांनी विभागातील ज्येष्ठ सहकारी मॅडम म्हणाल्या, "सर, आता तानपुरा मोकळा वाटतो." प्रस्तुत लेखकालाही तसेच वाटत होते. हा बदल नेमका कोठे झाला होता, हा प्रश्न त्यातून उभा राहिला. त्याचे पुढे काय झाले ते सहाव्या विभागात येईल.

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत :

१) हेडफोन ॲम्प्लिफायरमधील ऐकू येणाऱ्या फरकांची कारणे स्पष्ट करणे.
२) काळानुसार उपकरणात होणाऱ्या प्रत्यक्ष बदलांचे स्वरूप व प्रमाण सांगणे.
३) श्रोत्यामध्ये होणाऱ्या बदलांचा विचार करणे.
४) महाविद्यालयीन स्तरावर करता येईल अशी तुलनेची पद्धत मांडणे.

२. ॲम्प्लिफायरचे कार्य व फरकाची कारणे

हेडफोन ॲम्प्लिफायरने तत्त्वतः एकच काम करावयाचे असते. आलेल्या संकेताचा आकार न बदलता तो हेडफोनला पुरेशा व्होल्टेजने व विद्युतप्रवाहाने पुरवणे हे ते काम होय. या कामासाठी लागणारी शक्ती आपण समजतो त्यापेक्षा फार कमी असते. उदाहरणादाखल २००३ साली बाजारात आलेला सेनहायझर एचडी ६५० हा हेडफोन घेऊ. त्याचा नाममात्र संरोध ३०० ओहम असून एक व्होल्टला तो सुमारे १०३ डेसिबल ध्वनिपातळी देतो. संगीतातील क्षणिक शिखरांसाठी ११० डेसिबलची पातळी गृहीत धरली तरी सुमारे २.२४ व्होल्ट पुरतात. म्हणजेच लागणारी शक्ती १७ मिलिवॅटच्या आत राहते. अर्ध्या व्होल्टपर्यंतच मजल जाणाऱ्या मोबाइलवर हाच हेडफोन ९७ डेसिबलच्या पुढे जाऊ शकत नाही. त्यामुळे मंद पातळीवर मुद्रित केलेले जुने शास्त्रीय गायन तेथे कमजोर वाटते. स्वतंत्र ॲम्प्लिफायरची खरी गरज येथे आहे.

दोन ॲम्प्लिफायरमध्ये ऐकू येण्याजोगा फरक निर्माण करणारे घटक मुख्यतः चार आहेत : ध्वनिपातळी, निर्गम संरोध, विरूपण आणि पार्श्वरव. यांपैकी निर्गम संरोधाकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते, म्हणून त्याचा थोडा विस्ताराने विचार करणे आवश्यक आहे.

हेडफोनचा संरोध सर्व वारंवारतांवर सारखा नसतो. वर उल्लेखिलेल्या हेडफोनचा संरोध मध्यम वारंवारतांवर ३०० ओहमच्या आसपास असला, तरी १०० हर्ट्झच्या परिसरात, म्हणजे पडद्याच्या अनुनादाच्या ठिकाणी, तो सुमारे ५०० ओहमपर्यंत चढतो. ॲम्प्लिफायरचा स्वतःचा निर्गम संरोध आणि हेडफोनचा संरोध मिळून व्होल्टेजची विभागणी करतात. निर्गम संरोध १ ओहम असेल तर ३०० व ५०० ओहम या दोन ठिकाणी हेडफोनला मिळणाऱ्या व्होल्टेजमधील फरक ०.०१ डेसिबलच्या जवळपास, म्हणजे नगण्य राहतो. तोच १२० ओहम असेल तर हा फरक सुमारे १ डेसिबल होतो आणि खर्जाचा भाग किंचित उचलला जातो. व्हॉल्व्हवर चालणाऱ्या व निर्गम ट्रान्सफॉर्मर नसलेल्या अनेक रचनांमध्ये निर्गम संरोध असा मोठा असतो. 'व्हॉल्व्हचा आवाज उबदार' या वर्णनामागे अनेकदा हे साधे भागाकाराचे गणित असते. कानात बसवावयाच्या ज्या इअरफोनचा संरोध १० ओहमपासून ४० ओहमपर्यंत बदलतो असे मानले, त्याला १० ओहम निर्गम संरोधाचा ॲम्प्लिफायर जोडल्यास हा फरक ४ डेसिबलपर्यंत जातो. तो कोणालाही ऐकू येईल. म्हणूनच निर्गम संरोध हा हेडफोनच्या संरोधाच्या एक-अष्टमांशाहून कमी असावा, असा व्यावहारिक नियम सांगितला जातो.

विरूपणाच्या बाबतीत आधुनिक अर्धवाहक रचनांनी मोठी मजल मारली आहे. चांगल्या एकात्मिक मंडलातील विरूपण ०.००१ टक्क्याच्या आसपास वा त्याहून कमी असते. प्रत्यक्ष संगीतात ०.१ टक्क्याखालील विरूपण ओळखणे सामान्यतः अत्यंत कठीण मानले जाते. २०११ साली 'एनडब्ल्यूएव्हीगाय' या टोपणनावाने लिहिणाऱ्या एका अज्ञात अभियंत्याने 'ऑब्जेक्टिव्ह टू' नावाचा ॲम्प्लिफायर सर्व मोजमापांसह सर्वांसाठी खुला केला. अल्प खर्चातही मोजमापाच्या दृष्टीने जवळजवळ निर्दोष ॲम्प्लिफायर बनू शकतो, हे त्यातून दिसून आले. तात्पर्य, पुरेशी शक्ती, कमी निर्गम संरोध, कमी विरूपण व कमी पार्श्वरव असलेले दोन ॲम्प्लिफायर समान ध्वनिपातळीवर ऐकले असता ते वेगळे ओळखता येण्याची शक्यता फार कमी असते.

३. उपकरणात काळानुसार होणारे प्रत्यक्ष बदल

उपकरणात काळानुसार काहीच बदल होत नाही, असे म्हणणे अशास्त्रीय ठरेल. बदल होतात. त्यांचे तीन गट पाडता येतात आणि प्रत्येक गटाचे कालमान निराळे असते.

(अ) तापण्याचा काळ. ट्रान्झिस्टरच्या बेस व एमिटर यांमधील व्होल्टेज प्रत्येक अंश सेल्सिअसला सुमारे २ मिलिव्होल्टने घटते. त्यामुळे उपकरण सुरू केल्यावर त्यातील स्थिर प्रवाह हळूहळू बदलत जातो आणि तापमान स्थिरावल्यावर तोही स्थिरावतो. चांगल्या रचनेत या बदलाची भरपाई केलेली असते. व्हॉल्व्हमध्ये तंतू तापून ऋणाग्रातून इलेक्ट्रॉन बाहेर पडू लागण्यास अर्धा-एक मिनिट लागते व पूर्ण स्थैर्य येण्यास त्याहून अधिक वेळ जातो. हा बदल मिनिटांचा, फार तर तासाभराचा असतो. शिवाय उपकरण बंद करून थंड झाले की तो पुसला जातो. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात होते. म्हणजे हा बदल साठत नाही.

(ब) झिजण्याचा काळ. येथे महत्त्वाचा घटक म्हणजे बाजारात इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर म्हणून मिळणारे धारित्र. त्याच्या आतील द्रव कालांतराने सुकतो, धारिता घटते व अंतर्गत रोध वाढतो. तापमान १० अंशांनी कमी झाले की अशा धारित्राचे आयुष्य साधारणपणे दुप्पट होते, असा अभियंत्यांचा ढोबळ नियम आहे. १०५ अंशांवर २,००० तासांची हमी असलेले धारित्र या नियमाने ६५ अंशांवर ३२,००० तास टिकावे. रोज चार तास वापर धरला तर ही जवळजवळ २२ वर्षे होतात. उपकरण अहोरात्र चालू ठेवले तर मात्र तेवढेच तास पावणेचार वर्षांच्या आत संपतात. विदर्भातील उन्हाळ्यात खोलीचे तापमान वाढून उपकरणाच्या आतील तापमान १० अंशांनी चढले, तर त्या काळापुरता झिजण्याचा वेग दुप्पट होतो.

या झिजेचा ध्वनीवर होणारा परिणाम मोजता येतो. काही साध्या रचनांमध्ये हेडफोनच्या मार्गात ४७० मायक्रोफॅरडचे धारित्र जोडलेले असते. ३२ ओहमच्या हेडफोनबरोबर ते सुमारे १०.६ हर्ट्झखालील ध्वनी कापते. त्याची धारिता निम्मी झाली तर ही सीमा २१ हर्ट्झवर येते व खोल खर्ज किंचित क्षीण होतो. ३०० ओहमच्या हेडफोनवर मात्र याचा परिणाम जाणवण्याइतका होणार नाही. सदोष द्रवामुळे धारित्रे अकाली फुगण्याचे व फुटण्याचे प्रकार १९९९ ते २००७ या काळात जगभरातील संगणकांत व इतर उपकरणांत घडले. धारित्राचे म्हातारपण कसे असते हे त्या वेळी अनेकांनी प्रत्यक्ष पाहिले.

व्हॉल्व्हच्या ऋणाग्रावरील ऑक्साइडच्या लेपाची क्षमता काही हजार तासांत घटत जाते आणि परिणामी वर्धन कमी होते. आवाज कमी-जास्त करण्याच्या बटणाखालील कार्बनचा पट्टा झिजतो, त्यावर धूळ बसते आणि बटण फिरवताना खरखर ऐकू येते. कोकणासारख्या दमट व खाऱ्या हवेत जोडण्यांच्या धातूवर थर चढतो. हे सर्व बदल खरे आहेत, ऐकू येण्याजोगेही होऊ शकतात. परंतु त्यांची दिशा बिघाडाची आहे.

(क) 'मुरण्याचा' काळ. पहिल्या शंभर-दोनशे तासांत ध्वनी सुधारतो, हा दावा या गटात मोडतो. दीर्घकाळ न वापरलेल्या धारित्रातील ऑक्साइडचा थर विद्युतभार मिळताच पुन्हा नीट तयार होतो व त्यातून गळणारा प्रवाह घटतो, हे खरे आहे. परंतु ही क्रिया सामान्यतः मिनिटांत ते काही तासांत आटोपते. त्यापुढील काळासाठी वरचेच गणित लावून पाहावे. ३२,००० तासांच्या आयुष्यातील २०० तास म्हणजे ०.६ टक्क्याहून थोडा अधिक भाग. एवढ्या अवधीत झिजेमुळे ऐकू येण्याजोगा फरक पडेल असे मानण्यास आधार राहत नाही.

येथे 'बर्न-इन' या शब्दाच्या मूळ अर्थाकडेही पाहिले पाहिजे. इलेक्ट्रॉनिक उद्योगात तो शब्द फार पूर्वीपासून रूढ आहे. नव्या भागांमधील सदोष भाग सुरुवातीच्या तासांतच निकामी होतात. म्हणून विशेषतः लष्करी व अंतराळ उपयोगाचे भाग कारखान्यातच तापवून, भार देऊन चालवले जातात व कच्चे भाग बाजूला काढले जातात. काळाच्या ओघात बिघाडाचे प्रमाण दाखवणाऱ्या आलेखाचा आकार आंघोळीच्या टबासारखा दिसतो, म्हणून त्याला 'बाथटब वक्र' म्हणतात. या प्रक्रियेचा हेतू कच्चे भाग निवडून काढणे हा आहे. चांगला भाग त्यामुळे अधिक चांगला होत नाही. श्रोत्यांच्या जगात हा शब्द आला तेव्हा त्याचा अर्थ बदलला. लोणचे मुरावे किंवा नवे वाद्य बोलू लागावे, तसे उपकरणही मुरते, अशी कल्पना त्याला चिकटली.

या दाव्यातील एक तार्किक उणीवही लक्षात घेण्याजोगी आहे. उपकरणातील अनेक भाग स्वतंत्रपणे बदलत असतील, तर काही उपकरणांचा ध्वनी सुधारला पाहिजे व काहींचा बिघडला पाहिजे. प्रत्यक्षात ऐकू येणाऱ्या हकिगतींमध्ये जवळजवळ नेहमीच ध्वनी सुधारल्याचे सांगितले जाते. बदल सदैव एकाच, आणि तीही आपल्याला हव्या असलेल्या दिशेने होत असेल, तर बदलाचे स्थान उपकरणाबाहेर शोधणे इष्ट ठरते.

४. श्रोत्यामध्ये होणारे बदल

पहिला बदल सवयीचा. रॉबर्ट झायोन्क यांनी १९६८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतून असे दाखवले, की एखादी गोष्ट केवळ वारंवार समोर आल्यानेही ती आवडू लागते. त्याआधी १९५७ साली लिऑन फेस्टिंगर यांनी बोधात्मक विसंवादाचा सिद्धांत मांडला होता. मोठी रक्कम देऊन घेतलेली वस्तू आवडत नाही ही स्थिती मनाला अस्वस्थ करते आणि मन आपली आवड बदलून ती अस्वस्थता मिटवते. दोनशे तास वाट पाहण्याचा सल्ला या दोन्ही प्रक्रियांना पुरेसा वेळ मिळवून देतो.

दुसरा बदल अपेक्षेचा. फ्लॉइड टूल व शॉन ऑलिव्ह यांनी १९९४ साली ४० श्रोत्यांसह केलेल्या ध्वनिक्षेपकांच्या अभ्यासात, तीच उपकरणे पडद्याआड असताना व डोळ्यांसमोर असताना दिलेल्या गुणांत लक्षणीय फरक पडल्याचे आढळले. अनुभवी श्रोतेही त्याला अपवाद नव्हते. आपण काय ऐकत आहोत हे ठाऊक असणे हाच ऐकण्याचा एक भाग बनतो. यात अप्रामाणिकपणा नाही, मनाची घडणच तशी आहे.

तिसरा बदल स्मृतीचा. ध्वनीचे सूक्ष्म रंगरूप आपल्या स्मृतीत काही सेकंदच ताजे राहते. राग, बंदिश, गायकाचा आवाज वर्षानुवर्षे लक्षात राहतो. परंतु तानपुऱ्यातील स्वयंभू गांधार पहिल्या दिवशी किती स्पष्ट होता, हे तीन महिन्यांनी तुलनेसाठी आठवता येत नाही. आपण आठवतो ते त्या दिवशीचे मत असते.

चौथा बदल कानाचा व हेडफोनचा. मोठ्या आवाजात ऐकल्यानंतर कानाची संवेदनक्षमता तात्पुरती घटते. सर्दी किंवा कानातील मळ यांचाही परिणाम होतो. हेडफोनच्या गाद्या वापराने दबतात, कान पडद्याच्या अधिक जवळ येतो व खर्जाचे प्रमाण बदलते. चष्म्याच्या काडीमुळे गादी व गाल यांत फट पडली तरी खर्ज गळतो. हे बदल यांत्रिक व खरे आहेत. परंतु त्यांचे श्रेय किंवा दोष ॲम्प्लिफायरला दिला जातो.

५. न्याय्य तुलनेची पद्धत

तुलनेच्या शास्त्रीय पद्धती नव्या नाहीत. बेल प्रयोगशाळेतील मन्सन व गार्डनर यांनी १९५० साली 'एबीएक्स' पद्धत मांडली. १९८२ साली डेव्हिड क्लार्क यांनी त्यासाठी दुहेरी अंध तुलनायंत्राचे वर्णन प्रसिद्ध केले. या पद्धतीत श्रोत्याला 'अ' व 'ब' ही दोन उपकरणे उघडपणे ऐकवली जातात. नंतर त्यांपैकीच एक 'क्ष' म्हणून ऐकवले जाते व 'क्ष' म्हणजे कोणते, एवढेच त्याने सांगावयाचे असते. महाविद्यालयात उपलब्ध साधनांनिशी ही पद्धत पुढील टप्प्यांनी राबवता येते.

१) दोन्ही उपकरणे किमान अर्धा तास आधी सुरू ठेवावीत, म्हणजे तापण्याचा फरक उरत नाही.

२) ध्वनिपातळी जुळवावी. हा सर्वांत महत्त्वाचा टप्पा आहे. सूक्ष्म फरकाने मोठा असलेला आवाज 'मोठा' न वाटता 'अधिक स्पष्ट' किंवा 'अधिक मोकळा' वाटतो. फ्लेचर व मन्सन यांनी १९३३ साली दाखवल्याप्रमाणे, पातळी बदलली की खर्ज व तार स्वरांची कानाला जाणवणारी प्रमाणेही बदलतात. म्हणून दोन्हींमधील फरक ०.१ डेसिबलच्या आत, म्हणजे व्होल्टेजमध्ये सुमारे १.२ टक्क्याच्या आत असावा. नुसत्या कानाने हे साधत नाही. ४०० हर्ट्झचा स्थिर स्वर वाजवून, हेडफोन जोडलेला असतानाच, मल्टिमीटरने निर्गम व्होल्टेज मोजावे. साधे मल्टिमीटर उच्च वारंवारतांवर विश्वासार्ह नसतात, म्हणून फार तार स्वर घेऊ नये.

३) हेडफोन एकच असावा. बदल करताना तो काढून पुन्हा घालण्याची वेळ येऊ नये, यासाठी स्विच वापरावा. बदल काही सेकंदांतच व्हावा.

४) कोणते उपकरण जोडले आहे हे श्रोत्याला ठाऊक नसावे. स्विच फिरवणारी व्यक्तीही श्रोत्याच्या दृष्टीआड असावी आणि क्रम नाणे उडवून ठरवावा.

५) फेऱ्या पुरेशा असाव्यात. १० पैकी ८ उत्तरे बरोबर आली तर ती प्रभावी वाटतात. परंतु निव्वळ अंदाजाने ८ किंवा अधिक उत्तरे बरोबर येण्याची शक्यता ५.५ टक्के असते. १६ पैकी १२ किंवा अधिक बरोबर येण्याची शक्यता ३.८ टक्के आहे. म्हणून १६ फेऱ्यांत १२ हा निकष सोयीचा ठरतो. मात्र वीस जणांनी चाचणी दिली तर त्यांतील एखादा केवळ योगायोगानेही उत्तीर्ण होऊ शकतो, हे संख्याशास्त्राच्या अध्यापकांना सांगावयास नको. अशा श्रोत्याची चाचणी पुन्हा घ्यावी.

या पद्धतीची मर्यादाही नोंदवणे आवश्यक आहे. श्रोत्याला फरक ओळखता आला नाही, यावरून फरक अस्तित्वातच नाही असे सिद्ध होत नाही. त्या श्रोत्याला, त्या हेडफोनवर, त्या ध्वनिमुद्रणात तो ओळखता आला नाही, एवढेच सिद्ध होते. उलट, फरक ओळखता आला तरी तो 'मुरल्यामुळे' आहे असे ठरत नाही. दोन नगांमधील निर्मितीतील तफावतही त्यास कारण असू शकते. काळाचा परिणाम तपासावयाचा असेल तर वापरापूर्वी व वापरानंतर त्याच नगाची मोजमापे घेणे हा अधिक खात्रीचा मार्ग आहे.

६. प्रत्यक्ष अनुभव

आरंभी उल्लेखिलेल्या प्रसंगाचा पुढचा भाग आता सांगता येईल. त्याच नमुन्याचा दुसरा नग भाषा प्रयोगशाळेसाठी घेतलेला होता व तो खोक्यातच बंद होता. तीन महिने चाललेला व कोरा असे दोन्ही नग शेजारी ठेवून आम्ही ऐकले. पहिल्या ऐकण्यात जुना नग निःसंशय उजवा वाटला. मॅडमनी तानपुऱ्याच्या जव्हारीबद्दल जे निरीक्षण नोंदवले ते प्रस्तुत लेखकालाही तंतोतंत पटले. नंतर मल्टिमीटर लावला असता जुन्या नगाच्या बटणाची स्थिती किंचित पुढे असल्याचे आढळले. व्होल्टेज जुळवून, नगांवर कापड टाकून, एका विद्यार्थ्याला स्विच फिरवावयास सांगून पुन्हा ऐकले, तेव्हा आम्हा दोघांचीही उत्तरे नाणे उडवून यावीत तशी आली.

दोन व्यक्तींचा हा अनुभव म्हणजे संशोधन नव्हे आणि त्यावरून व्यापक निष्कर्ष काढणे योग्य होणार नाही. परंतु त्यातून एक गोष्ट शिकता आली. मॅडमचा कान प्रस्तुत लेखकाच्या कानाहून निश्चितच अधिक तयार आहे. तीस वर्षांच्या रियाजाने घडलेला कानही मिलिव्होल्टच्या फरकाला 'मोकळेपणा' समजू शकतो. तेथे चूक कानाची नव्हती, तर कानाला ज्या परिस्थितीत निवाडा करावयास सांगितले त्या परिस्थितीची होती. निकाल पाहून त्या हसून म्हणाल्या, "म्हणजे तीन महिन्यांत यंत्र नाही, आपणच तयार झालो."

७. महाविद्यालयीन उपयोजन

श्रवणकक्ष, भाषा प्रयोगशाळा किंवा ध्वनिमुद्रण संग्रह यांसाठी उपकरण खरेदी करताना पुढील बाबी ध्यानात घ्याव्यात. मागणीपत्रात निर्गम संरोध, कमाल निर्गम व्होल्टेज, विरूपण व पार्श्वरव यांचे आकडे मागवावेत आणि ते आपल्याकडील हेडफोनच्या संरोधाशी व संवेदनशीलतेशी ताडून पाहावेत. परतीच्या मुदतीच्या आतच जुळवलेल्या पातळीवर तुलना उरकावी. 'नंतर सुधारेल' हे आश्वासन खरेदीचा आधार मानू नये. आज न आवडणारे उपकरण आजच परत करावे. खरेदीच्या दिवशी घेतलेली मोजमापे साठा नोंदवहीत नोंदवून ठेवावीत, म्हणजे काही वर्षांनी झीज झाली की नाही हे आठवणीवर विसंबून न राहता ठरवता येईल. उपकरण अहोरात्र चालू ठेवू नये. गाद्या वेळोवेळी बदलाव्यात. त्यांचा खर्च अल्प असून परिणाम अनेकदा ॲम्प्लिफायर बदलण्यापेक्षा अधिक असतो.

शेवटचा मुद्दा आरोग्याचा आहे. शक्तिमान ॲम्प्लिफायर ध्वनी अनायास धोकादायक पातळीवर नेऊ शकतो. जागतिक आरोग्य संघटना व आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांनी २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या मानकात प्रौढांसाठी आठवड्याला ४० तास ८० डेसिबल ही मर्यादा सांगितली आहे. मुलांसाठी ती ७५ डेसिबल आहे. पातळी ३ डेसिबलने वाढली की तेवढ्याच ध्वनिऊर्जेसाठी सुरक्षित कालावधी निम्मा होतो. कानातील केशपेशी एकदा नष्ट झाल्या की मनुष्यात पुन्हा उगवत नाहीत. ॲम्प्लिफायरमधील धारित्र दहा-वीस रुपयांत बदलता येते, पण कानाच्या बाबतीत ती सोय नाही. विद्यार्थ्यांच्या श्रवणकक्षात काळानुसार होणारा सर्वांत गंभीर बदल हा यंत्रातील नसून कानातील असू शकतो.

८. निष्कर्ष

१) समान ध्वनिपातळीवर, सुयोग्य रचनेच्या हेडफोन ॲम्प्लिफायरमधील ऐकू येणारे फरक अल्प असतात. जे मोठे फरक आढळतात त्यांमागे बहुधा निर्गम संरोध, अपुरी शक्ती किंवा न जुळवलेली पातळी ही कारणे असतात.

२) उपकरणातील कालसापेक्ष बदल दोन प्रकारचे आहेत : मिनिटांत घडणारे व उपकरण थंड होताच पुसले जाणारे तापमानाचे बदल, आणि वर्षांत घडणारे झिजेचे बदल. पहिल्या शंभर-दोनशे तासांत ऐकू येण्याजोगी सुधारणा होते, या समजास विद्युतशास्त्रातून पुरेसा आधार मिळत नाही.

३) जाणवणाऱ्या सुधारणेचे स्पष्टीकरण सवय, अपेक्षा, स्मृतीची मर्यादा आणि हेडफोनच्या गाद्यांतील बदल यांतून अधिक समाधानकारकपणे मिळते.

४) मल्टिमीटर, एक स्विच आणि एक निःपक्षपाती साहाय्यक एवढ्या साधनांवर कोणत्याही महाविद्यालयात न्याय्य तुलना शक्य आहे.

अनुभव प्रामाणिक असला तरी त्याचे कारण म्हणून आपण जे सांगतो ते खरे असेलच असे नाही, ही जाणीव केवळ पदार्थविज्ञानापुरती मर्यादित नाही. नव्या अध्यापनपद्धतीने वर्ग 'सुधारला' असे आपण म्हणतो, तेव्हाही वर्ग बदलला की आपण त्याला सरावलो, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. त्याचे उत्तर शोधताना अंध चाचणीचे हे साधे तत्त्व उपयोगी पडावे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.